वाफ्यातला चुना

खानापूर रस्त्याला, वस्ती संपते तिथल्या माळावर मी घर बांधलं. वास्तुशांतीच्या दिवशी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घराकडे धड पाहिलंही नाही. ते सरळ परसात गेले, वाकून मूठभर माती उचलली, बोटांतून खाली सोडली आणि पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मास्तर, ही माती न्हाय रं. ही भांडी घासायची पूड हाय."

पाहुणे हसले. मीही हसलो. मी बेळगावातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. आप्पांनी मला नावानं हाक मारणं कधीच सोडून दिलंय, ते मला मास्तर म्हणतात. त्यात मान नसतो. ज्याच्या हातून शेती झाली नाही तो माणूस, एवढाच त्याचा अर्थ.

आमचं गाव निपाणीच्या बाजूला. तिथलं रान काळं. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात चिखल पाय सोडत नाही. आप्पांनी जन्मभर त्यात तंबाखू केला, बांधाच्या कडेला घरापुरती वांगी-मिरची केली. आई गेल्यावर ते रानातल्या घरातच एकटे राहायचे. धाकटा भाऊ गावातल्या घरातून दोन वेळचा डबा पाठवायचा. पुढं त्यांना साखरेचा आजार निघाला. एकदा तळव्यात बाभळीचा काटा मोडून राहिला, आत पू झाला, पाय सुजला, तरी आप्पांना पत्ता नव्हता. भावानं बेळगावला आणलं. डॉक्टरांनी तळव्याला टाचणी टोचली. आप्पा छताकडं बघत तंबाखूच्या दराबद्दल बोलत राहिले. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "यांच्या पायांना आता काही कळत नाही. भाजलं, कापलं, काही नाही. तुम्ही त्यांचे डोळे व्हायचं."

हे त्यांनी मला सांगितलं, भावाला नव्हे. मीच पुढं होऊन आप्पांना माझ्याकडे ठेवून घेतलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण नंतर मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे की त्या सकाळी ते माझ्या ध्यानात नव्हतं.

आप्पा आमच्याकडे रमले नाहीत. रमायचं नाही असं ठरवूनच आले होते. बायकोची आमटी पातळ, आमचं पाणी बेचव, शेजारी कानडीतून बोलले तर ते तोंडावर बोलत नाहीत आणि मराठीतून बोलले तर उगाच गोड बोलतात. रोज संध्याकाळी एकच प्रश्न. "मला कधी सोडतोस गावाकडं?" मी रोज एकच उत्तर द्यायचो. "पाय बघा आधी." ते म्हणायचे, "पाय माझा हाय का तुझा?"

परसातली भाजी ही माझी हौस होती. घर बांधताना मशीननं वरची माती ओढून नेली होती आणि खालची तांबडी, रेताड जमीन उघडी पडली होती. पाणी घातलं की गाळणीतून गेल्यासारखं खाली जायचं, दुपारी वाफा पुन्हा कोरडा. पहिल्या वर्षी मी वांगी लावली. पानं पिवळी पडली, रोपं वीतभर वाढून थांबली. शाळेतल्या प्रयोगशाळेतून लिटमसची निळी पट्टी आणली, माती पाण्यात ढवळून त्यात बुडवली, तर ती तांबूस झाली. शेतकी कार्यालयात दाखवून आणलं. तिथल्या साहेबांनीही तेच सांगितलं. पावसाच्या पट्ट्यातली जमीन, आंबट झालेली. दळलेला शेतीचा चुना थोडा थोडा द्या, दोन-तीन पावसाळे लागतील. रेताड जमिनीला एकदम दिला तर उलटं होईल. कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळा भरपूर घाला, पण चुना आणि शेणखत एकाच वेळी नको, खताचा जोर उडून जातो. आणि कळीचा चुना, तो भिंती रंगवायचा, तो चुकूनही नको.

मी हे आप्पांना सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. ते इतके हसले की त्यांना खोकला लागला.

"आमच्या रानात चुनखडीचं खडं येचून येचून कंबर मोडली आमची. आणि तू चुना इकत आणणार? आणि माती आंबट? चाटून बघितलास काय रं?"

"आप्पा, पट्टी लावून बघितलं."

"पट्टी! सूनबाई, ऐकलं काय? पट्टी लावून वांगी येत्यात आता."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "मामा, तुम्ही तरी शिकवा त्यांना मग."

"शिकायला अंगात माती लागती."

त्याच दिवशी पैज लागली. आप्पा म्हणाले, पुढच्या दसऱ्याला या पुडीत उगवलेल्या वांग्याचं भरीत माझ्या ताटात दाखव. दाखवलंस तर मरेपर्यंत गावाचं नाव काढणार नाही. न्हाय जमलं तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मला रानातल्या घरात नेऊन सोडायचं आणि परत न्यायला यायचं न्हाय. मी हो म्हणालो. बायकोनं तेव्हाच सांगितलं होतं, "म्हातारा माणूस जिवावर पैज लावतोय आणि तुम्ही मास्तरकी लावताय." खरं होतं. मला त्यांना ठेवून घ्यायचं होतं की हरवायचं होतं, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

पूर्ण उन्हाळा मी राबलो. दोन वाफे काढले, एक परसाकडच्या व्हरांड्यालगत, एक मागं कंपाऊंडच्या भिंतीशी. दळलेला चुना सांगितल्याप्रमाणे हलक्या हातानं पसरून मातीत मिसळला. शेजारच्या गवळ्याकडून जुनं शेणखत आणलं आणि ते चुन्यानंतर पुष्कळ दिवसांनी घातलं. रस्त्याकडेच्या झाडांचा पाचोळा पोत्यांनी भरून आणला. कारखान्याची उसाची कुजलेली मळी एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी ट्रॅक्टरमधून आणून टाकली. सुट्टीच्या दिवशी मी कंबरेत वाकलेला आणि आप्पा व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेले. जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगायचे, "आमचा मास्तर वाळूला शिकवायला लागलाय. पुढच्या महिन्यात परीक्षा हाय तिची."

एक गोष्ट मात्र होती. माझ्या मातीला पूड म्हणणारे आप्पा तिच्यात कधी चप्पल घालून गेले नाहीत. आमच्या घरची रीतच तशी. पेरलेल्या जागेत पायताण न्यायचं नाही. काळ्या रानात ती पाळली जायची, म्हणून ते माझ्या परसातही वाफ्याच्या कडेला चपला काढायचे, कडेला जोडीनं नीट ठेवायचे आणि मग आत पाय टाकायचे. मी कितीदा ओरडलो. "आप्पा, काच असेल, खिळा असेल, तुम्हाला कळायचं नाही." ते म्हणायचे, "वाफ्यात पायताण? त्यापरीस तुझ्या देव्हाऱ्यात घालून जातो."

पाऊस लागल्यावर आणलेली रोपं लावली. पुढच्या वाफ्यातली धरली. गडद हिरवी झाली, पानं रुंद पडली. मला रात्री झोप लागेना इतका आनंद झाला. मागच्या वाफ्यातली मात्र धरेनात. एकेक रोप दोन दिवस उभं राहायचं आणि मग मान टाकायचं. मी नवीन लावायचो, तेही जायचं. मला वाटलं, भिंतीकडचा भाग जास्त आंबट असणार. तिथं चुना कमी पडला असणार. पुढच्या वाफ्यात पैज जिंकण्यापुरती वांगी येतील हे दिसत होतं. पण आप्पा रोज मागच्या वाफ्याकडं बोट दाखवायचे. "त्ये बघ, नापास झाली."

दळलेला चुना कृषी दुकानात संपला होता. बाजारात एका जुन्या दुकानात कळीच्या चुन्याची ढेकळं मिळाली. नको म्हणून सांगितलेलं मला चांगलं आठवत होतं. मी दर वर्षी वर्गात मुलांना तो प्रयोग करून दाखवतो. चंचुपात्रात चुन्याचा खडा, वरून पाणी, आणि काच हात लावता येणार नाही एवढी तापते. मुलं मागं सरकतात. तरी मी ढेकळं आणली, कारण मला थांबायचं नव्हतं. रविवारी सकाळी एका घमेल्यात ती पाण्यानं विरवली. वाफ निघाली, फसफसलं, थोडं शांत झालं. आतले खडे अजून फुटत होते. तसाच तो दाट लगदा मी मागच्या वाफ्याच्या रिकाम्या भागावर ओतला आणि फावड्यानं वर थोडी माती ओढली. आदल्या दिवशीच्या पावसानं जमीन ओली होती. मातीतून बारीक वाफ येत होती. मी हात धुतले आणि व्हरांड्यात चहाला बसलो.

बायकोनं चहा दिला आणि उभी राहिली. "एक सांगू का? रागावू नका. मागची रोपं जमिनीमुळं मरत नाहीत. मामा सकाळी तुम्ही आंघोळीला गेला की जातात, रोप उपटतात आणि परत तसंच रोवून ठेवतात. मुळं तुटतात. मी दोनदा खिडकीतून बघितलं."

मी काही बोलायच्या आत आप्पा मागच्या दारानं बाहेर आले. मी आंघोळीला गेलोय असं त्यांना वाटलं असावं, मी व्हरांड्यात आहे हे त्यांनी पाहिलं नव्हतं. मागच्या वाफ्याच्या कडेला त्यांनी चपला काढल्या, जोडीनं ठेवल्या आणि ओल्या, पांढरट मातीत पाय टाकला. तिच्यातून चालत ते भिंतीलगतच्या रोपांपाशी पोचले, आणि रोपांपुढं उभं राहायलाही ती चुन्याची मातीच होती. ते वाकले. पहिलं रोप उपटलं.

बायको आत गेली होती. मी हाक मारू शकत होतो. दहा-बारा पावलांचं अंतर. मला माहीत होतं खाली काय आहे. मला माहीत होतं त्यांच्या पायांना काय कळत नाही. माझ्या मनात जे आलं ते जसंच्या तसं लिहितो: उभं राहू दे. थोडं चुरचुरू दे. मग लगेच दुसरं मनात आलं की त्यांना चुरचुरणार नाही. आणि तरीही मी कप खाली ठेवला नाही.

त्यांनी तीन-चार रोपं उपटून पुन्हा रोवली तेव्हा मी बोललो. चुन्याबद्दल नाही.

"झालं समाधान, आप्पा?"

ते दचकले, वळले, मग हसले. पकडले गेल्याची लाज त्यांच्या चेहऱ्यावर अजिबात नव्हती.

"आलास व्हय परीक्षा बघायला? पेपर फोडला म्हाताऱ्यानं."

"पैज हरताय म्हणून लबाडी करताय?"

"लबाडी कोण शिकवली? माझा पाय, माझं रान, माझं घर. तू मला हितं बांधून घातलाईस, ही लबाडी न्हाय?"

"बांधून घातलं? सेवा करतोय तुमची."

"सेवा!" ते तिथंच उभे राहून ओरडले. "आई मरताना कुठं हुतास? शाळंत हुतास. तपासनी हाय म्हणालास. आता माझी सेवा. लोकांस्नी दाखवायला."

आईचं नाव काढल्यावर मी थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. मी त्यांना आईबद्दल बोललो, त्यांच्या हातून तिनं काय काय सोसलं ते बोललो, तंबाखूच्या मोसमात तापातही तिला पानं तोडायला लावलेलं बोललो. ते उत्तर देत राहिले, मी पुढचं काढत राहिलो. भांडणात माणसाचं भान जातं म्हणतात. माझं गेलं नव्हतं. मी मधेमधे त्यांच्या पायांकडं पाहत होतो. घोट्यापर्यंत पांढरे झाले होते. मी भांडण लांबवलं, कारण भांडत आहेत तोवर ते तिथून हलणार नव्हते.

बायको बाहेर आली आणि किंचाळली, "मामा, बाहेर या! चुना आहे तो!"

आप्पांनी खाली पाहिलं, मग माझ्याकडं. चालत बाहेर आले, चपला घालायला वाकले, आणि त्यांचा पाय चपलेत सरकला तेव्हा टाचेची कातडी मागं राहिली. बायकोनं नळी लावून पाय धुतले, ती रडत होती. आप्पा शांत बसून आपलेच पाय दुसऱ्याचे असल्यासारखे बघत होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "किती वेळ उभे होते?"

"थोडाच वेळ," मी म्हणालो.

आप्पा कॉटवरून म्हणाले, "लई वेळ. मास्तरांनी प्रयोग लावलता." डॉक्टर हसले. त्यांना तो विनोद वाटला.

डावा पाय भरत आला. उजव्याची बोटं काळी पडली. आधी दोन काढली, मग उरलेली, मग पुढचा अर्धा पाय. प्रत्येक वेळी सही माझी. शेवटच्या वेळी शस्त्रक्रियेला नेताना आप्पा म्हणाले, "कापलेलं काय करत्यात रं? मागून घे. तुझ्या वाफ्यात पूर. मातीला हाडं चांगली." वॉर्डबॉय कानडी होता, त्याला मराठी कळत असावं, त्यानं मान दुसरीकडे वळवली.

भाऊ आला तेव्हा मी सांगितलं, आप्पा ऐकत नाहीत, अनवाणी फिरतात. ते खोटं नव्हतं. आप्पा कॉटवर पडून ते सगळं ऐकत होते. त्यांनी मला खोटं पाडलं नाही. त्याचं कारण मला त्या वेळी माया वाटलं. आता तसं वाटत नाही. त्यांना माहीत होतं की उघडं केलं असतं तर मी मोकळा झालो असतो.

पुढच्या वाफ्यातल्या झाडांना भरपूर वांगी लागली. पाऊस, मळी, पाचोळा, दळलेला चुना, सगळं मानवलं होतं. मागच्या वाफ्यात कळीचा चुना मुळात लागतच नव्हता. दसऱ्याला बायको भरीत करणार नव्हती. मीच आग्रह धरला. हे मला आजही समजत नाही, पण मी म्हणालो, पैज ती पैज. तिनं वांगी भाजायला ठेवली. आप्पांच्या खोलीत कॉटपाशी ताट नेलं. त्यांनी भाकरीच्या तुकड्याला भरीत लावलं, खाल्लं, चावून चावून खाल्लं.

"कसं झालंय?" मी विचारलं.

"चांगलं झालंय," ते म्हणाले. "जिंकलास."

त्यानंतर त्यांनी गावाचं नाव काढलं नाही. शब्द दिला होता, पाळत होते. संध्याकाळी तो प्रश्न येत नव्हता.

मागच्या महिन्यात मी आप्पांना न नेता रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेलो होतो. बायको बरोबर होती. डॉक्टर म्हणाले, जखम पूर्ण भरली आहे, साखर ताब्यात आहे. विशेष बूट करून घ्या, काठी द्या. गावाला जायचं म्हणत होते ना, खुशाल जाऊ द्या. सोबत माणूस असलं की झालं. मनानं बरे होतील.

परत येताना गाडीत बायको म्हणाली, "आज सांगा त्यांना." मी हो म्हणालो. घरी आल्यावर आप्पांनी विचारलं, "काय म्हणाला डॉक्टर?" मी म्हणालो, "अजून हलवायचं नाही म्हणाले." बायको पर्स ठेवत होती. ती तशीच आत गेली.

परवा भाऊ आला. रानातलं घर त्यानं सारवून घेतलंय, वर नवे पत्रे घातलेत, खुर्चीसारखा संडास बसवलाय, रात्री सोबतीला एक गडी ठरवलाय. "अण्णा, आप्पांस्नी न्यायला आलोय. डॉक्टर काय म्हंतोय?"

"न्यायचं नाही म्हणाले आहेत."

"अजून?" भाऊ म्हणाला. "चार दिस तरी?"

"एक दिवससुद्धा नाही."

आप्पा खुर्चीत बसले होते. त्यांनी भावाला सांगितलं, "मास्तर म्हणतोय म्हंजे असंल. तू जा बाबा, गाडीचा टाईम झाला." भावानं त्यांच्या पायावर डोकं ठेवायला हात पुढं केला आणि कुठं ठेवायचं ते न कळून तो गुडघ्यावर ठेवला. मी त्याला वांग्यांची पिशवी दिली.

बायकोला मी सांगितलं की तिथं धूळ असते, गडी भरवशाचा नसतो, आपल्या नजरेखाली बरे. ती म्हणाली, "तुमच्या नजरेखाली?" एवढंच. खरं कारण तिला माहीत आहे. गावात संध्याकाळी पारावर लोक बसतात. पाय कसा गेला, असं कुणीतरी विचारणारच. इथं कुणी विचारत नाही. तिथं ते सांगतील, किंवा सांगणार नाहीत, आणि दोन्ही मला सोसणार नाही. म्हणून मी एका म्हाताऱ्या माणसाला त्याच्या घरी जाऊ देत नाही.

सोमवारी पुन्हा दाखवायला बोलावलंय. काल आप्पा पहिल्यांदाच माझ्याकडं न बघता बायकोला म्हणाले, "सूनबाई, सोमवारी मी आत येणार. डॉक्टरला माझ्या तोंडानं इचारायचंय." त्यांनी धोतर आणि पांढरी टोपी धुवायला टाकली. बायकोनं ती सकाळीच वाळत घातली.

मी शाळेतून फोन करून सोमवारची वेळ रद्द केली आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही.